चिनी सुटा चहा
चिनी सुटा चहा म्हणजे पिशवीत न भरता सुट्या, बहुधा अखंड पानांच्या रूपात वापरला जाणारा चीनमधील चहा होय. कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांवरील प्रक्रियेनुसार त्याचे हिरवा, पिवळा, पांढरा, ऊलाँग, लाल व गडद असे सहा प्रकार मानले जातात. भारतात काळा म्हणून ओळखला जाणारा चहा चीनमध्ये लाल गणला जातो. वूयी पर्वतातील भाजलेला ऊलाँग व युन्नानमधील आंबवलेला पू-अर यांच्या गडद चवीमुळे ते कॉफीला पर्याय ठरतात.

चहाच्या एका पेल्यात सामान्यतः कॉफीपेक्षा कमी कॅफीन असते. मात्र गोंगफू पद्धतीत सुमारे ५ ग्रॅम पाने १०० मिलिलिटर पाण्यात पुन्हापुन्हा भिजवतात आणि दर वेळी थोडे कॅफीन उतरते. त्यामुळे कॅफीन कमी करताना पेल्यांपेक्षा पानांचे वजन मोजणे योग्य ठरते.