धाराशिवच्या मुली आणि खो-खोची अजिंक्यपदे : २०१६ ते २०२५चा मागोवा

धाराशिव जिल्ह्याच्या खो-खोत २०१६ ते २०२५ हा काळ वेगळा उठून दिसतो. या काळाच्या एका टोकाला गुवाहाटी आहे. तिथे फेब्रुवारी २०१६ मध्ये बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा कर्णधार होती उस्मानाबादची सारिका काळे. दुसऱ्या टोकाला दिल्लीचे इंदिरा गांधी क्रीडा संकुल आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. मधल्या काळात जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले आणि खेळ मातीवरून मॅटवर आला. नऊ मिनिटांच्या डावाशेजारी सात मिनिटांचा डाव रूढ झाला, पुरुषांसाठी व्यावसायिक लीग उभी राहिली. जिल्ह्याला मोठी पदके मिळवून देणारी नावे मात्र दोन्ही टोकांना मुलींचीच राहिली.

व्यावसायिक सांघिक खेळांत खेळाडूचे मोठेपण किती वेळा अजिंक्यपद मिळवले यावर मोजण्याची रीत जुनी आहे. अमेरिकन बास्केटबॉलमध्ये बिल रसेलचे नाव याच हिशेबाने पहिले घेतले जाते. १९५६ ते १९६९ या काळात बॉस्टन सेल्टिक्सकडून खेळलेल्या १३ हंगामांत त्याने ११ विजेतेपदे मिळवली, तर त्याचा सहकारी सॅम जोन्स १० विजेतेपदांचा धनी ठरला. रसेलची ख्याती गुण करण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याचे गुण रोखण्यासाठी अधिक होती. खो-खोच्या जाणकाराला ही गोष्ट लगेच पटते, कारण इथेही सामना पुष्कळदा संरक्षणावर ठरतो. फरक इतकाच की खो-खोत लीगच्या विजेतेपदांची रास अजून लागलेली नाही. इथला हिशेब राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय अजिंक्यपद, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, दक्षिण आशियाई स्पर्धा आणि आता विश्वचषक असा चढत जातो.

या शिडीची पहिली पायरी महाराष्ट्रातच बसवली गेली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले. त्याआधी गावोगावी खेळला जाणारा हा खेळ मैदानाची मापे आणि डावाचा वेळ यांच्या चौकटीत बसू लागला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली आणि महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पुढच्याच वर्षी कोल्हापुरात सुरू झाली. राष्ट्रीय स्पर्धांतल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पुरस्कारांची नावे या मातीतलीच आहेत. पुरुषांसाठी एकलव्य, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई, कुमारांसाठी वीर अभिमन्यू, मुलींसाठी जानकी, किशोरांसाठी भरत आणि किशोरींसाठी इला. सांघिक विजेतेपदात एका खेळाडूचा वाटा किती, हे खो-खोत प्रथम या पुरस्कारांवरून कळते.

हा वाटा समजण्यासाठी खेळ जवळून पाहावा लागतो. पारंपरिक सामन्यात आक्रमक संघाचे आठ खेळाडू दोन खांबांमधल्या पाटीवर चौकात बसतात, प्रत्येकाचे तोंड शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असते. नववा पाठलाग करतो. त्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. दिशा किंवा बाजू बदलायची तर बसलेल्या गड्याला पाठीमागून हात लावून खो द्यायचा, हाच एक मार्ग. संरक्षकाला असे कोणतेच बंधन नाही. तो तिघांच्या तुकडीत मैदानात उतरतो, बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळत एकेरी साखळी काढतो, दोन गड्यांना एकदम वळसा घालून दुहेरी साखळी काढतो. आक्रमक खांबाकडे निघाला की उलट फिरून त्याला खांब गाठायला लावतो आणि तेवढ्यात चार-पाच सेकंदांची उसंत मिळवतो.

अशा चार-पाच सेकंदांची बेरीज म्हणजे संरक्षकाचा खेळ, म्हणजेच पळती. म्हणूनच वर्तमानपत्रात खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे कंसात मिनिटे छापलेली असतात. अडीच मिनिटे पळती दिलेली मुलगी बाद होऊन बाहेर येते, तेव्हा तिने एकही गडी टिपलेला नसतो, तरी सामना तिनेच फिरवलेला असू शकतो. आक्रमणात डोळ्यांत भरतो तो सूर. खांबाजवळ संरक्षक बाहेरच्या अंगाने निसटू पाहतो, आक्रमक एका हाताने खांब धरून सगळे शरीर हवेत आडवे झोकून देतो आणि मोकळ्या हाताची बोटे गड्याच्या पाठीला किंवा टाचेला टेकतात. मातीवर असा सूर मारला की कोपर आणि गुडघे सोलवटतात. मॅटने ती इजा थोडी कमी केली, पण पळण्याचा वेग आणि वळण्याची रीत बदलायला लावली.

हा खेळ धाराशिवमध्ये रुजण्यामागे डॉ. चंद्रजित जाधव यांचे नाव अग्रभागी येते. प्रशिक्षक म्हणून त्यांनी इथे मुलींचे संघ घडवले, आणि संघटक म्हणून भारतीय खो-खो महासंघाच्या सहसचिवपदापर्यंत काम केले. जिल्ह्याच्या मुलींनी किशोरी, मुली आणि महिला अशा तिन्ही वयोगटांत राज्याच्या संघात जागा मिळवल्या, त्या एखाद्या वर्षाच्या लाटेने नव्हे. पळती हा सवयीचा खेळ आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी पाय साखळीत पडायला लागले तर विशीत ते विचार न करता पडतात. अवर्षणप्रवण तालुक्यांच्या, मोठे उद्योग फारसे नसलेल्या या जिल्ह्यात खो-खोचा एक गुण फार कामाचा ठरला. या खेळाला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही. दोन खांब आणि सपाट केलेली जमीन असली की सराव सुरू होतो.

सारिका काळेची वाटचाल याच जमिनीवरची. तेराव्या वर्षाच्या आसपास ती या खेळात आली. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे कमावता येत नव्हते. आईचे शिवणकाम आणि आजी-आजोबांचा आधार यांवर घर चालत होते. जवळपास दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळायचे, असे तिने अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर सांगितले. शिबिराला किंवा स्पर्धेला गेले की पोटभर खायला मिळे, हेही तिच्या आठवणींत आहे. दर सामन्यात नऊ-नऊ मिनिटांचे डाव पळणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा तपशील नुसता हळहळण्यापुरता नाही. खेळासाठी लागणारी ताकद कुठून आणली असेल, हा प्रश्न तो थेट समोर ठेवतो.

२०१६ हे तिच्यासाठी सर्वांत कठीण आणि सर्वांत मोठे वर्ष होते. घरची ओढाताण इतकी वाढली की तिने खेळ सोडायचे ठरवले आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतले. आजीने हे प्रशिक्षकांच्या कानावर घातले. समजूत निघाली आणि ती मैदानावर परतली. त्याच वर्षीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा प्रथमच पदकांच्या खेळांत समावेश झाला होता. तिथे भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले. सारिकाच्या नेतृत्वाखालचे ते सुवर्ण हे या खेळाने या स्पर्धेत महिलांना दिलेले पहिलेच सुवर्ण.

चार वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. करोनामुळे सोहळा दूरदृश्य पद्धतीने झाला. खो-खोसाठी या पुरस्काराचे मोल किती होते, हे मधल्या खंडावरून कळते. १९७० मध्ये सुधीर परब यांच्यापासून सुरू झालेली खो-खोतल्या अर्जुनवीरांची परंपरा पुढे श्रीरंग इनामदार, उषा नगरकर अशा नावांनी वाढली आणि १९९८ मध्ये शोभा नारायण यांच्यापाशी थांबली. त्यानंतर २२ वर्षे या खेळाच्या वाट्याला अर्जुन आला नाही. तो खंड मोडला उस्मानाबादच्या मुलीने. पुरस्कार मिळाला तेव्हा ती शेजारच्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. खेळाडूला हक्काचा पगार आणि जिल्ह्याला मैदानाचा अनुभव असलेला अधिकारी, अशी दोन्ही कामे त्या एका नेमणुकीने साधली.

सारिकाच्या मागून आलेल्या मुलींत अश्विनी शिंदे, संपदा मोरे, संध्या सुरवसे ही नावे राज्याच्या संघात दिसू लागली. महाराष्ट्राच्या महिला संघात जागा मिळवणे हीच एक परीक्षा असते, कारण पुणे, ठाणे, सोलापूर, नाशिक, सांगली इथले मातब्बर संघ त्याच जागांसाठी झगडत असतात. ती जागा मिळाली की अजिंक्यपद फार दूर राहत नाही. २०२२ ची गुजरातमधली, २०२३ ची गोव्यातली आणि २०२५ ची उत्तराखंडमधली अशा सलग तीन राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत सुवर्ण राखले. गुजरातमध्ये महिलांच्या अंतिम सामन्यात ओडिशाने १० विरुद्ध ८ इतके जवळ येऊन दाखवले होते. ओडिशाचे आव्हान दरवर्षी वाढते आहे, त्यामुळे या तीन सुवर्णांना सोपे म्हणता येत नाही.

व्यावसायिक लीगचा टप्पा या दशकाच्या उत्तरार्धात येतो. अल्टिमेट खो-खो १४ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. सहा संघ, मॅट, सात मिनिटांचे डाव, आणि कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला ‘वजीर’. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असे हरवले. शेवटच्या मिनिटांतही योद्धाज पुढे होते. सूरज लांडेने आकाशीय सूर मारून एक गडी टिपला, त्या सुराचे तीन गुण मिळाले आणि विजेतेपद फिरले. हरलेल्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर होता. एका गुणाने हुकलेले ते विजेतेपद त्याला पुढे विश्वचषकाच्या रूपाने भरून मिळाले. दुसऱ्या हंगामाचा अंतिम सामना जानेवारी २०२४ मध्ये कटकला झाला आणि गुजरात जायंट्सने चेन्नई क्विक गन्सला ३१-२६ असे नमवले. दोन हंगामांत दोन वेगळे विजेते झाल्याने एका संघाची सद्दी सांगावी अशी स्थिती लीगमध्ये आलेली नाही.

हे दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. लिलावाची बोली, दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण आणि करारातले पैसे हे सारे त्यामुळे पुरुष खेळाडूंपर्यंत पोहोचले. ज्या जिल्ह्याने या खेळाला २२ वर्षांनी अर्जुन मिळवून दिला, त्याच्या मुलींसाठी मात्र आधार राहिला तो सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणाचा आणि खेळाडूंना नोकरी देणाऱ्या सार्वजनिक संस्थांचा. या दशकातली ही सर्वांत मोठी उणीव होय.

विश्वचषकाने ती काही अंशी भरून काढली, कारण तिथे दोन्ही गट एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात, सारख्याच गर्दीसमोर खेळले. १३ ते १९ जानेवारी २०२५ या दिवसांत पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ दिल्लीत उतरले. बीड-पुण्याशी नाते असलेली प्रियांका इंगळे महिला संघाची कर्णधार होती. संघाने दक्षिण कोरियाला १७५-१८, इराणला १००-१६ आणि मलेशियाला १००-२० असे हरवून गट जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशविरुद्ध १०९-१६ असा निकाल लागला. या सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचा मान अश्विनी शिंदेला मिळाला. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेचे आव्हान ६६-१६ असे संपले.

अंतिम सामना नेपाळशी होता आणि तो आकड्यांवरून वाटतो तितका एकतर्फी नव्हता. पहिल्या सत्रात भारताने आक्रमणात ३४ गुण वसूल केले. दुसऱ्यात नेपाळने २४ गुण घेतले आणि भारताचा संरक्षणातला एक गुण धरून फलक ३५-२४ असा झाला. तिसऱ्या सत्रात भारताच्या आक्रमकांनी पुन्हा मैदान व्यापले आणि फलक ७३-२४ असा झाला. शेवटच्या सत्रात चैत्रा बी.च्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ पळती दिली. सात मिनिटांच्या सत्रात एवढा वेळ टिकणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातून सामना काढून घेणेच. ७८-४० असा विजय पक्का झाला. त्याच संध्याकाळी प्रतीक वाईकरच्या संघाने पुरुषांच्या अंतिम सामन्यात नेपाळलाच ५४-३६ असे हरवले.

गुवाहाटीत मिळालेले सुवर्ण दक्षिण आशियापुरते होते, दिल्लीतले जगाचे होते. या दोन्ही विजयांत धाराशिवच्या मैदानावर घडलेली खेळाडू होती. विश्वचषकानंतर महिन्याभरातच उत्तराखंडमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या दोन्ही संघांनी पुन्हा ओडिशाला अंतिम फेरीत नमवून सुवर्ण घेतले.