हसताना चमकणारी तार

उमरखेडच्या लग्नात फोटोवाला ‘हसा’ म्हणतो आणि एखादे काका ओठ घट्ट मिटतात. दात नाहीत म्हणून नव्हे. अर्धी कवळी धरून ठेवणारी तार सुळ्यावर चमकते म्हणून! ही तार दाताच्या फुगीर भागापलीकडच्या, हिरडीलगतच्या खोलगटात अडकते. कोबाल्ट-क्रोमियमच्या कडक तारेला जेमतेम ०.२५ मिलिमीटर खोली पुरते. मग ती दातावर आडवी कशाला मिरवायची? हिरडीकडून येऊन दाताला टोकानेच टेकणारी बारीक पट्टी बहुधा ओठाआड राहते. हसताना ज्यांची हिरडीच दिसते, त्यांची मात्र पंचाईत. हिरडीच्या रंगाची नायलॉनची पकड आणखी देखणी, पण दातावर टेकू नसेल तर चावण्याचा सगळा भार हिरडीवर येतो.