पडद्यावरच्या दोन पिशव्या

२००६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याहून तीन-साडेतीन तासांवरच्या एका जिल्ह्याच्या गावी, एका रुग्णालयाच्या रक्तपेढीसाठी आम्ही तिघांनी मिळून एक छोटी प्रणाली लिहिली होती. रक्तपेढी तळमजल्यावर मागच्या बाजूला, कॅज्युअल्टी पुढच्या बाजूला. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे विचारायला वॉर्डबॉयने दर वेळी धावत जायचं, ते थांबावं एवढाच हेतू. कॅज्युअल्टीतल्या संगणकावर एक पान उघडं ठेवायचं आणि त्यावरचे आकडे दर मिनिटाला आपोआप ताजे व्हायचे. आमच्या कार्यालयात ते झकास चालत होतं.

तिकडे एका रात्री पडद्यावर ‘ओ निगेटिव्ह : २’ असं दिसत होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्यावर विसंबून नातेवाइकांना ‘रक्त आहे’ म्हणून सांगितलं. चिठ्ठी रक्तपेढीत गेली तेव्हा फ्रीजमध्ये त्या गटाची एकही पिशवी नव्हती. दोन्ही संध्याकाळीच गेल्या होत्या. दुसऱ्या पेढीतून पिशवी येईपर्यंत पाऊण तास गेला. पेशंट वाचला, म्हणून हे लिहायला हात धजतो.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “सर, तुमचा आकडा रोज सकाळी बरोबर असतो. मग चुकायला लागतो. दुपारपर्यंत पार चुकतो. मी वहीत वेळा लिहून ठेवल्यात.” माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन मला दुसऱ्या कोणी दिलेलं नाही. त्या वेळी मात्र मी मनात म्हटलं, बाईंनी नोंद उशिरा केली असेल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा पहिला संशय नेहमी वापरणाऱ्यावर असतो.

बिघाड समजायला आधी यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागेल. वेबवरचं जुनं पान म्हणजे तलाठ्याच्या खिडकीसारखा कारभार होता. काही मागितलं की उत्तर येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. पान पांढरं पडायचं आणि सगळंच्या सगळं नव्याने यायचं. एक आकडा बदलायला अख्खं पान परत. ‘असिंक्रोनस’ विनंतीने हे बदललं. घरातली बाई पोराच्या हाती वाण्याकडे चिठ्ठी पाठवते आणि ते येईपर्यंत फोडणीचं बघते, तसं पान आपलं काम चालू ठेवतं. पोर जिन्नस घेऊन आलं की तेवढाच डबा भरला जातो. आज नकाशा सरकवताना, तिकिटाची आसनं निवडताना, शोधचौकटीत दोन अक्षरं टाकताच खाली सूचना येताना हेच पोर शेकडो खेपा घालत असतं.

ही सोय कुठल्या समितीने विचार करून काढलेली नाही, आणि पुढच्या सगळ्या तंट्याचं मूळ तिथेच आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टमध्ये आउटलुकची वेबवरून चालणारी आवृत्ती बनवत होते. नवी पत्रं पान न हलवता यादीत यावीत, यासाठी अॅलेक्स हॉपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घटक तयार केला. तो लोकांपर्यंत पोचवायचा तर कुठल्या तरी गाडीत बसवायला हवा होता. इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर एक्सएमएलची एक लायब्ररी जाणार होती, तिच्यात तो बसवला. म्हणून त्याच्या नावात ‘एक्सएमएल’ आलं; कामाशी त्याचा फारसा संबंध नाही. ओळखीच्याच्या गाडीतून गावी गेलेल्या माणसाला गावकऱ्यांनी गाडीवाल्याच्या आडनावाने हाक मारावी, तसलं हे नाव आहे. ही मार्च १९९९ ची गोष्ट.

मग मोझिलाच्या लोकांनी तो घटक पाहून स्वतःचा बनवला, ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ या नावाने, आणि ब्राउझरच्या अंगातच बसवला. २००४ मध्ये सफारीने, २००५ मध्ये ऑपेराने तेच केलं. एक्सप्लोररमध्ये मात्र सहाव्या आवृत्तीपर्यंत तो बाहेरून बोलवावा लागे. सातवी आली ऑक्टोबर २००६ मध्ये. त्यामुळे आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या तोंडाशी ‘हा आहे का? नसेल तर तो आहे का?’ अशी चार-पाच ओळींची विचारपूस असायची. दरम्यान जीमेल आणि गूगलचे नकाशे आले, फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं आणि जो तो एजॅक्स मागू लागला. आम्हीही त्याच लाटेत होतो. या घटकाने नेमकं कसं वागावं याचा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा पहिला मसुदा निघाला एप्रिल २००६ मध्ये, म्हणजे घटक जन्मल्यावर सात वर्षांनी. मसुदा लिहिणाऱ्यांसमोर मुख्य काम होतं ते आधीपासून नांदणारे ब्राउझर काय करतात ते बघून लिहून काढण्याचं. बोली आधी, व्याकरण मागाहून. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही.

तर मी एस.टी.ने त्या गावी गेलो. कॅज्युअल्टीतल्या पडद्यासमोर बसलो. मिनिटं जात होती, आकडा हलत नव्हता. रक्तपेढीत बाईंनी माझ्या सांगण्यावरून एक खोटी नोंद केली, तरी नाही. माझ्या बॅगेतल्या लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये तेच पान उघडलं, तर मिनिटाभरात आकडा बदलला. सर्व्हर एक, पान एक, दोन ब्राउझरांत दोन आकडे.

अशा वेळी हात लगेच प्रोग्रॅमकडे जातो. माझाही गेला, आणि त्यात दोन तास वाया गेले. खरं तर आधी विचारायचं ते एवढंच, की चिठ्ठी घराबाहेर पडली का? सर्व्हरवर प्रत्येक विनंतीची नोंद राहते. ती उघडली. माझ्या लॅपटॉपची दर मिनिटाची नोंद ओळीने होती. कॅज्युअल्टीतल्या संगणकाची सकाळी आठ वाजून काही मिनिटांची एक नोंद होती. त्यानंतर काहीच नाही.

पोर वाण्याकडे जातच नव्हतं. जिन्यातूनच परत फिरत होतं आणि सकाळचंच उत्तर पुन्हा सांगत होतं.

एकदा आणलेली गोष्ट ब्राउझर जवळ साठवतो आणि त्याच पत्त्यावरून पुन्हा मागितली तर साठ्यातून देतो. चित्रांसाठी हे उत्तमच. मात्र ‘हे उत्तर किती वेळ ताजं धरायचं’ हे सर्व्हरने उत्तरासोबत सांगायचं असतं. नाही सांगितलं तर? १९९९ च्या एचटीटीपीच्या नियमांत अशा वेळी ब्राउझरला आपल्या अंदाजाने ठरवण्याची मुभा होती. फायरफॉक्सचा अंदाज होता, की काही सांगितलेलं नाही तर पुन्हा विचारून यावं. एक्सप्लोररची नेहमीची मांडणी अशी होती की ब्राउझर एकदा उघडल्यापासून बंद करेपर्यंत तेच उत्तर चालवावं. रात्रपाळीचा माणूस जाताना संगणक बंद करी, सकाळचा चालू करी. म्हणून आकडा रोज सकाळी बरोबर असायचा. बाईंच्या वहीतल्या वेळा अक्षरशः खऱ्या होत्या.

आणि आमच्या कार्यालयात हे का दिसलं नाही? आम्ही एक्सप्लोररमध्ये पान उघडून बघत होतो, आकडा आला की ‘चालतंय’ म्हणून बंद करत होतो. ते उघडं ठेवून जेवायला कुणी गेलं नव्हतं. दोन्ही ब्राउझर नियमात होते. उत्तरासोबत ‘साठवू नका’ ही ओळ पाठवायची राहिली होती, ती आमच्याकडून. ती घातली. शिवाय पत्त्याच्या शेपटीला दर वेळी त्या क्षणाची वेळ जोडली, म्हणजे प्रत्येक पत्ता नवा आणि साठ्यात सापडणं अशक्य. दोन ओळींचं काम. बस पकडायच्या आधी चहा पिऊन झाला.

बाई म्हणाल्या, “आता आलाच आहात तर नावांचंही बघा.” रक्तदात्याचं नाव मराठीत टाकलं की खाली जुळणारी नावं यायला हवी होती, कॅज्युअल्टीतही नाही, पेढीतही नाही, कुठेच येत नव्हती. सर्व्हरच्या नोंदीत पाहिलं तर ‘श्रीकांत’ या नावाच्या जागी आठ प्रश्नचिन्हं. मी ती मोजली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. वाचणाऱ्याला ‘श्रीकांत’मध्ये तीन अक्षरं दिसतात. युनिकोड ती अशी मोजतं : श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, काना, अनुस्वार, त. बरोबर आठ. म्हणजे अक्षरं हरवली नव्हती. प्रत्येकाच्या जागी एकेक चिन्ह ठेवून ती मोजून पाठवली गेली होती.

कारण पुन्हा ब्राउझरच्या सवयीत. पत्त्याच्या ‘?’ नंतरच्या भागात रोमन लिपीपलीकडची अक्षरं आम्ही तशीच घातली होती. फायरफॉक्स ती युटीएफ-८ मध्ये बदलून पाठवायचा. एक्सप्लोरर ती विंडोजच्या जुन्या स्थानिक संकेतमालेत बसवायला जायचा. फ्रेंच, रशियन, ग्रीक यांना तशी मालिका होती. देवनागरीला ती कधी दिलीच गेली नाही. आपली लिपी विंडोजमध्ये आली तीच थेट युनिकोडमधून. म्हणून बसण्यासारखी जागा नाही, आणि प्रत्येकाच्या नावे प्रश्नचिन्ह. जिथे हे प्रोग्रॅम लिहिले आणि तपासले जात, तिथे हा दोष सहजी नजरेला येत नसे.

मी आधी जावास्क्रिप्टमधला जुना ‘एस्केप’ वापरून बघितला. त्याने प्रश्नचिन्हं गेली, पण ‘श’चं जे रूप त्याने केलं ते सर्व्हरला वाचता येईना, ती रीत कुठल्याच नियमात नव्हती. मग ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’. हा प्रत्येक देवनागरी चिन्हाची तीन बाइट करतो आणि प्रत्येक बाइट तीन रोमन खुणांनी लिहितो. आठ चिन्हांचा ‘श्रीकांत’ बहात्तर खुणांचा झाला आणि सुखरूप पोचला.

तिसरा बिघाड आठवडाभराने आला. चुकीची नोंद पुसली की पडद्यावर ‘त्रुटी १२२३’. नोंद मात्र खरोखर पुसलेली. काम झालं पण परत सांगण्यासारखं काही नाही, यासाठी सर्व्हर २०४ हा आकडा पाठवतो. एक्सप्लोररचा घटक त्याचा १२२३ करायचा. वेबच्या नियमांत १२२३ नावाचा आकडाच नाही. तो विंडोजच्या अंतर्गत यादीतला, अर्थ ‘वापरणाऱ्याने काम रद्द केलं’. रिकामं उत्तर आणि रद्द केलेलं काम यांत त्याची गल्लत होत होती. यावर उपाय कसला शोधायचा? ‘१२२३ आला तर २०४ समज’ अशी ओळ लिहिली. अशाच ओळी जगभर हजारो लोक लिहीत होते. त्याच वर्षी आलेल्या जेक्वेरीसारख्या लायब्ररीत त्या एकदाच लिहून सगळ्यांना मिळू लागल्या, आणि माझ्या मते जेक्वेरीच्या लोकप्रियतेचं निम्मं रहस्य या कंटाळवाण्या ओळींत आहे.

आता इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला, १५ जून २०२२ रोजी. ‘फेच’ नावाचा नवा घटक २०१५ पासून ब्राउझरांत आहे, आणि त्याच्या नियमांत कोणत्या वेळी काय करायचं हे पायरीपायरीने लिहिलेलं असतं. तरी नवी मुलं माझ्याकडे येतात ती ‘याच्या फोनवर चालतं, त्याच्या फोनवर नाही’ हेच घेऊन. बहुतेकदा विनंती दुसऱ्या संकेतस्थळाकडे जात असते, ब्राउझर आधी तिथे परवानगी विचारायला एक वेगळी खेप घालतो आणि सर्व्हरला त्या खेपेला उत्तर द्यायचं शिकवलेलं नसतं. मी त्यांना प्रोग्रॅम उघडूच देत नाही. सर्व्हरची नोंद उघडायला लावतो आणि चिठ्ठी कुठपर्यंत गेली ते विचारतो.

त्या रक्तपेढीत मी नंतर एकदाच गेलो, २००९ मध्ये. पडद्यावरचा आकडा बरोबर होता. बाईंनी वही दाखवली. त्यांनी पडद्याशी ताडून बघायचं थांबवलं नव्हतं. समासात लाल पेनाने लिहिलेल्या वेळांच्या पुढे तीन वर्षं बरोबरच्या खुणा होत्या, आणि दोन ठिकाणी फुली. एक वीज गेलेल्या रात्रीची होती. दुसरीचं कारण शोधायला मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबलो.