सिग्नल आला नाही, हेही उत्तरच!

दापोड्यात रात्री मान वर करून बघा. गोदामांचे दिवे, ट्रकच्या हेडलाइट आणि धूळ यांच्यातून मोजकेच तारे दिसतील. म्हणून ‘खगोलशास्त्र आपल्यासाठी नाही’ असं ठरवलं असेल, तर जरा थांबा. या शास्त्राची एक शाखा अशी आहे, की तिथे कितीही काळंभोर आकाश मिळालं तरी डोळ्यांचा उपयोग नाही. अवकाशातून येणारे गॅमा किरण वातावरणातच अडतात. ते थेट पकडायचे, तर डिटेक्टर उपग्रहावर बसवून वर पाठवावा लागतो. हे काम करणारी एक टीम दापोड्यापासून फार लांब नाही, पवईत आहे.

आकाशही, लॅबही

डॉ. वरुण भालेराव हे आयआयटी मुंबईत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. २०१२ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कॅलटेकमधून पीएचडी केली. मार्गदर्शक होते फिओना हॅरिसन आणि आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. प्रबंधाचे विषय दोन : न्यूट्रॉन ताऱ्यांची वस्तुमानं आणि ‘नूस्टार’ या अवकाश दुर्बिणीच्या डिटेक्टरची तपासणी. एकाच माणसाने तारेही मोजायचे आणि ते मोजणारं यंत्रही! पुढे पुण्याच्या ‘आयुका’त आणि नंतर पवईत त्यांनी हीच जोडी सांभाळली.

स्फटिकातली चमचाभर वीज

हे डिटेक्टर म्हणजे कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांचे स्फटिक. किरण आत शिरला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात, विजेचा छोटासा ठोका मिळतो. ठोका जितका मोठा, तितकी किरणाची ऊर्जा जास्त. जर्मेनियमचे डिटेक्टर खूप थंड ठेवावे लागतात. हे मात्र साधारण खोलीच्या तापमानालाही चालतात. उपग्रहावर ही मोठीच सोय.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ सोडला. त्यावरच्या ‘सीझेडटीआय’ या उपकरणात असे ६४ डिटेक्टर आहेत आणि प्रत्येकात २५६ पिक्सेल. कुलाब्याच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने ते तयार झालं. गंमत म्हणजे जास्त ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंतींतूनही आरपार येतात. त्यामुळे समोरचंच नाही, तर आजूबाजूचं आकाशही त्याला ‘दिसतं’. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, सुरुवातीलाच, त्याने एक गॅमा किरणांचा स्फोट टिपला. २०२३ पर्यंत हा आकडा ५०० वर गेला.

पण ठोका पडला म्हणजे स्फोट झाला, असं नाही. वैश्विक किरण उपग्रहावर आदळतात आणि त्यांचेही ठोके पडतात. खरा सिग्नल कुठला आणि नॉईज कुठला, हे वेगळं करण्यातच या करिअरची बरीच वर्षं जातात.

२०१७ : दोन धडे

४ जानेवारी २०१७ रोजी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली गुरुत्वीय लहर नोंदली गेली. पाठोपाठ आकाशाच्या त्याच भागात झपाट्याने विझत जाणारा एक प्रकाशबिंदू दिसला. दोन्हींचा संबंध लागला असता, तर जगभर गाजावाजा झाला असता. भालेराव आणि सहकाऱ्यांनी डेटा तपासला. लहर आली त्या क्षणी ‘सीझेडटीआय’मध्ये काहीच नव्हतं. तो प्रकाशबिंदू दुसऱ्याच, नंतर झालेल्या एका गॅमा स्फोटाचा होता. एकाच दिशेला दिसणं हा निव्वळ योगायोग! ‘संबंध नाही’ हे सिद्ध करणारा शोधनिबंधही तितकाच मोलाचा ठरला.

मग १७ ऑगस्ट २०१७. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. लहर आली आणि १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाला गॅमा किरणही मिळाले. आणि आपला अ‍ॅस्ट्रोसॅट? त्याच्या आणि स्फोटाच्या मधे नेमकी पृथ्वी आली होती! उपकरण उत्तम, टीम तयार, पण जागा चुकली. तरी त्या कोऱ्या नोंदीचाही उपयोग झाला : ‘स्फोट पृथ्वीआडच्या भागात झाला’ एवढं तिने सांगितलं.

भालेराव यांच्या नेतृत्वाखाली मांडलेला ‘दक्ष’ मोहिमेचा प्रस्ताव नेमका याच अडचणीवर आहे. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह ठेवायचे, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसरा बघत असेल.

तुम्ही कुठून सुरुवात कराल?

या कामाला फक्त फिजिक्सवाले लागत नाहीत. सर्किट जोडणारे, यंत्राचा सांगाडा आखणारे, कोड लिहिणारे, सगळेच लागतात. बीएस्सीला असाल, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘एनआययूएस’ हा उपक्रम बघा. तो पदवीच्या मुलांसाठीच आहे. पुढे पीएचडीचा विचार असेल, तर जॅम, जेस्ट आणि टीआयएफआरच्या प्रवेश परीक्षा आहेत.

तोवर लॅपटॉप आणि नेट आहे ना? अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी मोफत खुला होतो. थोडं पायथन शिका, एका स्फोटाची फाइल उतरवा आणि वेळेनुसार ठोक्यांचा आलेख काढा. आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग अपेक्षेसारखं आलं नाही, तर मित्राच्या जर्नलमधून उतरवू नका. ते का आलं नाही, हे शोधा. भालेराव यांची टीमही तेच करते. फरक इतकाच, की त्यांचा डिटेक्टर ६५० किलोमीटर उंचीवर फिरतोय.