मधल्या बाकांवरचा विद्यार्थी

शाळेचा निकाल लागला की पहिल्या आलेल्याचा सत्कार होतो आणि नापास झालेल्याची काळजी वाहिली जाते. या दोघांच्या मध्ये पन्नास-साठ टक्के गुण मिळविणारा जो मोठा समुदाय असतो, त्याची विचारपूस कोणी करीत नाही. मुलगा उत्तीर्ण झाला, एवढ्यावर घरही संतुष्ट असते आणि शाळाही. आजचे विवेचन या मुलाविषयी आहे.

प्रथम सरकारी साहाय्याची रीत पाहू. अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा देऊन निवड झाली, की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. योजना स्तुत्य आहे. परंतु परीक्षेला बसण्यासाठी सातवीत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण लागतात आणि निवड अर्थातच वरच्या मुलांची होते. मधला मुलगा बाहेर राहतो.

आता आपल्या मीरा-भाईंदरकडे वळू. येथे मिठागरांच्या व कोळीवाड्यांच्या जुन्या वस्तीत स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतील कामगारांची आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची भर पडली. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू माध्यमांतून चालतात. त्यांतील कित्येक मुले आपल्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच असतात. दहावीनंतर विज्ञान शाखेत पाऊल टाकले, की पुस्तके एकाएकी इंग्रजी होतात. व्याख्यान चालू असता टिपणे कशी घ्यावी, शंका कशी विचारावी, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरावा, हे ज्यांच्या घरी कोणी जाणत नाही, तो मुलगा बुद्धीने कमी नसूनही मागे पडतो आणि दोष मात्र स्वतःला देतो.

या दुखण्यावर अमेरिकेत सॅन डिएगो शहरी एका शिक्षिकेने उपाय केला. १९८० साली न्यायालयाच्या आदेशानुसार तेथील शाळांतील वंशभेद दूर करण्यात येत होता आणि गरीब वस्त्यांतील मुले क्लेअरमाँट हायस्कूलमध्ये आली. मेरी कॅथरीन स्वान्सन या इंग्रजीच्या शिक्षिकेने त्यांच्यासाठी सोपा अभ्यासक्रम आखला नाही. उलट, मध्यम गुणांच्या ३२ मुलांना तिने अवघड वर्गांत बसविले आणि आधारासाठी रोज एक निराळा तास ठेवला.

त्या तासाची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. मूल वहीच्या पानावर डावीकडे अरुंद समास सोडते. उजवीकडे टिपणे आणि समासात त्यांवरचे प्रश्न लिहिते. पानाच्या तळाशी चार ओळींत सारांश मांडते. नंतर लहान गटात प्रत्येकजण आपली अडचण मांडतो. मदतीस आलेला कॉलेजचा विद्यार्थी उत्तर सांगत नाही. तो उलट प्रश्न विचारतो आणि मुलांकडूनच उत्तर काढवितो. ही पद्धत पुढे हजारो शाळांत पसरली.

ही कल्पना आपणांस अगदी परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. ‘कमवा व शिका’ या योजनेने गरिबाच्या मुलाला श्रम करीत शिकण्याची वाट मिळाली. त्यांनी मुलाच्या पायांखाली आधार दिला. शिखर खाली आणले नाही. दोन्ही प्रयत्नांचा धडा एकच: अभ्यास हलका करू नये, आधार भक्कम करावा.

असा आधार देण्यास फार पैसा लागत नाही. शाळा सुटल्यावर मोकळा राहणारा एक वर्ग, आठवड्यातून दोन दिवस प्रत्येकी एक तास, चार-पाच कॉलेज विद्यार्थी आणि एक जबाबदार शिक्षक इतके पुरे. मात्र आरंभ नववीतच व्हावा. बारावीत केलेली धावपळ उशिराची ठरते. मुलांची निवड करताना गुणपत्रिकेबरोबर मुलाची चिकाटीही पाहावी. शिवाय शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला व जातीचा दाखला यांची माहिती पालकांना त्याच वर्गात द्यावी. कागद वेळेवर न मिळाल्याने हातचा लाभ जाणे, हे अभ्यासातील अपयशापेक्षाही अधिक खेदाचे होय.

जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्यापैकी निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि कॉलेजात शिकणारे तरुण यांनी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एकदा भेटावे आणि मधल्या बाकांवर कोण बसते, एवढे विचारावे. गावाची खरी शक्ती पुष्कळदा तेथेच बसलेली असते.