फिलिपाईन बेटांतील हातमागाचीं नेसावयाचीं वस्त्रें

ज्या घरांत शेत आणि माग हे दोन्ही चालतात, त्या घरास वाईट वर्षीं एका बाजूचा तरी आधार राहतो. हें तत्त्व समजून घेण्यास फिलिपाईन बेटांतील नेसावयाच्या वस्त्रांची हकीकत उपयोगी आहे; म्हणून ती येथें थोडक्यांत देत आहों.

हीं बेटें सात हजारांहून अधिक असून प्रांतोप्रांतीं नेसणें वेगळें आहे. त्यांतील तीन प्रकार मुख्य होत. लूझॉन बेटावरील 'तापिस' हें कमरेभोंवतीं गुंडाळावयाचें लांबट चौकोनी वस्त्र. विसाया बेटांवरील 'पातादयोंग' हें चौकड्यांचें सुती वस्त्र. टोकें जोडून शिवल्यामुळें तें नळीसारखें असतें. बाई त्यांत उभी राहून तें कमरेपर्यंत ओढून घेते, अधिक झालेला भाग दुमडते आणि खोंचते. आपली चौकड्यांची लुंगी टोकें जोडून शिवली म्हणजे त्याची कल्पना येईल. दक्षिणेकडील मिंदानाव बेटावरील मारानाव वगैरे मुसलमान लोकांचें 'मालोंग' अशाच घडणीचें आहे. स्त्रिया व पुरुष दोघेही तें नेसतात. रात्रीं तेंच पांघरूण आणि घरांत तान्हें मूल असल्यास तीच त्याची झोळी.

कापसावांचूनही तेथें वस्त्र होतें. मिंदानावमधील सेबू सरोवराच्या परिसरांतील त्बोली लोकांच्या स्त्रिया 'त्नालाक' नांवाचें कापड अबाकाच्या धाग्याचें विणतात. अबाका ही आपल्या केळीचीच बहीण. परंतु तिचें फळ खाण्याजोगें नसतें. तिच्या खोडाचीं सोपटें सोलून, सुरीखालून ओढून गर काढून टाकितात व उरलेला धागा वाळवितात. जहाजांवर प्रसिद्ध असलेला मनिला दोर याच धाग्याचा. धाग्यास धागा गांठून तो लांब करितात. नंतर ताण्याचे धागे ठरल्या जागीं घट्ट बांधून रंगांत घालितात. बांधलेल्या भागास रंग लागत नाहीं व त्यानेंच नक्षी उमटते. तांबडा रंग आपल्या आलीच्या जातीच्या झाडाच्या मुळांचा, काळा एका रानझाडाच्या पानांचा. मागाचा पट्टा विणणारीच्या कमरेस असतो व तिच्या अंगाच्या ओढीनें ताणा ताठ राहतो. शेवटीं कवडीनें घासून कापडास चकाकी आणितात. एका वस्त्रास कित्येक महिने लागतात. नक्षी स्वप्नांत दिसते अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. या कामांत नांवाजलेल्या लांग दुलाय यांस १९९८ सालीं तेथील सरकारनें राष्ट्रीय सन्मान दिला. त्या २०१५ सालीं वारल्या.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. विसायांपैकीं पनाय बेटावरील इलोइलो प्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घरोघर माग चालत असत. १८५५ सालीं तेथील बंदर परदेशी व्यापारास खुलें झालें आणि पुढील वर्षीं निकोलस लोनी हा इंग्रजांचा उपवकील तेथें आला. तो व्यापारही करी. तेथील चौकड्यांची नक्कल केलेलें गिरणीचें विलायती कापड त्यानें स्वस्त दरानें आणविलें. परतीच्या जहाजांस माल हवा म्हणून शेजारच्या नेग्रोस बेटावरील बागाइतदारांस उसासाठीं पैसा व यंत्रें उधारीनें पुरविलीं. स्वस्त कापडापुढें घरचा माग टिकेना. साखरेचा व्यापार वाढला, श्रीमंतीही आली. परंतु ती थोड्यांच्या वाड्यांत राहिली. पातादयोंगसाठीं प्रसिद्ध असलेल्या आंतिके प्रांतांतूनच ऊसतोडीच्या टोळ्या नेग्रोसला जाऊं लागल्या. १९८४-८५ सालीं जगांत साखरेचे भाव कोसळले, तेव्हां मजुरांस काम उरलें नाहीं; दुसरें पीक नव्हतें, दुसरा धंदा नव्हता. त्या उपासमारींत लहान मुलें दगावलीं.

माग मात्र अगदींच मेला नाहीं. आंतिकेंतील बुगासोंग येथें पातादयोंग व इलोइलोंतील मियागाव येथें 'हाब्लोन' हें कापड आजही विणलें जातें. २००४ सालीं तेथील सरकारनें कायदा करून सरकारी नोकरांच्या गणवेशांत अबाका, केळ, अननस इत्यादींच्या देशी धाग्याचें कापड वापरण्याचें ठरविलें. २०२३ सालीं आक्लान प्रांतांतील अननसाच्या धाग्याच्या विणकामास युनेस्कोनें मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. तथापि एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सुती कापड विणणारीस सूत बहुधा विकत घ्यावें लागतें. त्याचा भाव चढला कीं तिची मजुरी कमी पडते. त्बोली बाईचा धागा तिच्याच रानांत उभा असतो.

कोणत्याही पिकाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ऊस पैसा देतो हें आमचे वाचक जाणतात. परंतु नव्या पिकाचा जमाखर्च मांडतांना केवळ एकरीं उत्पन्न पाहून चालत नाहीं. त्या पिकामुळें घरांतील व गांवांतील कोणता धंदा बंद पडला आणि भाव पडल्यावर रिकाम्या हातांस काय काम उरेल, हा रकाना कोरा राहूं नये. तसेंच, केळीचा घड उतरल्यावर जें खोड आपण बांधावर टाकून देतों, त्यांतही धागा असतो, हेंही विसरूं नये.