पंगतीतले चौदावे पान

परवा, दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर, माझा एक जुना विद्यार्थी परभणीला घरी आला. औंढा नागनाथच्या डोंगराकडचा, आंध या आदिवासी जमातीतला. एम. ए. झाला, सेट उत्तीर्ण झाला आणि गेली सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. सुटी लागली की खिसा रिकामा. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "सर, जागा निघाली की कळतं, ती आमची नाही. मग आमची असते तरी कधी?"

वाचकहो, या प्रश्नाच्या उत्तरासाठी मराठीच्या प्राध्यापकाला गणिताकडे वळावे लागले. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जमातींसाठी शंभरात साडेसात जागा राखीव असतात. अर्धा माणूस काही नेमता येत नाही. म्हणून बिंदुनामावलीत, म्हणजे कोणती जागा कोणाची हे ठरवणाऱ्या यादीत, त्यांचा पहिला क्रमांक येतो चौदावा.

आता आपल्या घरच्या लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. चौदावे पान अमक्या पाहुण्याचे, असे यजमानांनी ठरवले. मांडवात सर्वांची एकच पंगत बसली, तर ते पान मांडले जाणारच. पण प्रत्येक खोलीत चार-चारच पाने मांडली, मोजणी खोलीगणिक एकपासून सुरू केली आणि कोणी उठेल तेव्हाच पुढचे पान, असे ठरले तर? यजमानांनी शब्द मोडला नाही. पाहुणा मात्र ताटकळत बसला!

विद्यापीठांत असेच घडू पाहत होते. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठ नव्हे, तर विभाग हा घटक धरावा, असा निर्णय दिला. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला. चार शिक्षकांच्या विभागात चौदावा क्रमांक यायचा, तर आधी कितीजण निवृत्त व्हावे लागतील! प्राध्यापकाचे पद तर विभागात एखादेच. त्या पायरीपर्यंत पाळी येईतो पिढ्या जायच्या. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. देशभर निदर्शने झाली. ७ मार्च २०१९ रोजी वटहुकूम निघाला, त्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि संपूर्ण विद्यापीठ हाच घटक ठरला. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये शिक्षकांच्या आरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम केला.

पान मांडले गेले. वाढायचे राहिले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरात साडेआठांहून अधिक लोक आदिवासी होते. २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात मात्र शंभर शिक्षकांत ते तीनही नव्हते. जागा राखीव असते, पण जाहिरात निघत नाही. निघाली तर 'योग्य उमेदवार नाही' असा शेरा पडतो आणि जागा अनुशेषात जाते. तोवर उमेदवार तासिका मोजत चाळिशीला पोचतो. पुढे बढती, संशोधन, मार्गदर्शकाची मान्यता या साऱ्या गोष्टी नियमित नेमणुकीनंतरच्या.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे समजावून सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे सर, आता मोजणी बरोबर आहे. बोलावणं तेवढं यायचंय."

आपल्यापैकी कित्येकजण शिक्षणसंस्थांच्या मंडळांवर असतील, निवड समित्यांवर बसत असतील. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्याकडे ते पान मांडले आहे का, आणि त्यावर कोणी बसले आहे का?